आजाराचा रकाना

सकाळी उठल्यावर राधाकिसनचं पोट त्याचं स्वतःचं असायचं. दुपारनंतर ते फुगायला लागायचं, आणि संध्याकाळी तो कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर उतरायचा तेव्हा शर्टाची खालची दोन बटणं उघडी, वरून गमछा टाकलेला. अंगानं काटकुळा माणूस, गालफडं बसलेली, आणि मधेच हे असं, कुणाचं तरी दुसऱ्याचं आणून बसवल्यासारखं. चार वर्षं हे चाललं होतं. शेजारचा भुजंग ओट्यावरून रोज विचारायचा, "राधाकिसन, कितवा महिना?" आणि राधाकिसन रोज सांगायचा, "तुझ्या बायकोला इचार, तिला बराबर हिशेब येतो." दोघं हसायचे. घरात शिरल्यावर राधाकिसन एकटा हसत नसे.

शेती होती तीन एकर, पण त्याचं खरं काम सोयरिकी जमवायचं. घनसावंगी, अंबड, परतूर या तीन तालुक्यांत त्यांच्या समाजातलं लग्नाचं एकही पोरगं किंवा पोरगी त्याच्या वहीबाहेर नव्हती. वहीत घर, गाव, शेत ओलिताचं की कोरडवाहू, मामाचं कूळ, शिक्षण, फेरी झाल्याची तारीख आणि उंची. उंचीचे आकडे दोन, एक सांगितलेला आणि एक खरा. सगळ्यात शेवटी एक बारीक रकाना होता, आजाराचा. तो कुणाला दाखवायचा नाही, पण भरायचा मात्र चोख. 'चुलत्याला फिट.' 'आजीला पांढरे डाग.' 'बापाला साखर, सांगत नाहीत.' माणसं शेत लपवत नाहीत, उलट दोन एकर वाढवून सांगतात. लपवतात ते एवढंच. मग कुणीतरी लिहून ठेवायला नको का, असं त्याचं म्हणणं.

स्वतःच्या घराचंही एक पान त्यानं पोरीसाठी करून ठेवलं होतं. त्यातला हा रकाना रिकामा होता.

पोटाचा शोध त्यानं कमी घेतला नव्हता. गावातल्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, जळजळलं की थंड दूध घेत जा. परतूरच्या वैद्यानं चूर्ण दिलं, रात्री कोमट दुधातून घ्यायचं. बायकोनं, जयवंताबाईनं, आधी हरभऱ्याची डाळ बंद केली, मग वांगं, मग बटाटा, मग तूर. शेवटी ताटात काय वाढावं हा प्रश्न पडला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू केलं. बहिणीनं नजर उतरवली. भुजंगनं रस्त्यात ओलांडलेल्या लिंबाची चौकशी केली. शेवटी जालन्याला घशातून दुर्बीण घातली, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं. डॉक्टर कागद बघून आनंदानं म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे."

राधाकिसनला याचं फार वाईट वाटलं. चौकशीत ज्या घराबद्दल काहीच निघत नाही, त्या घराची चौकशीच नीट झालेली नसते, हे त्याला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं शिकवलं होतं.

त्या डॉक्टरनं निघता निघता एक विचारलं होतं खरं. "दूध किती घेता?"

"दूध? रातच्याला चूर्णापुरतं अर्धा कप. बाकी दूध न्हाई पीत साहेब, नुस्ता चहा."

डॉक्टरनं मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पुढचा पेशंट आत आला.

आता त्या नुस्त्या चहाबद्दल. सोयरिकीच्या कामाला निघालेला माणूस दिवसाला आठ-नऊ घरं करतो, आणि एकाही घरात चहाला नको म्हणायची सोय नसते. कप परत केला म्हणजे घर नापसंत, इतकी साधी ती भाषा. त्यात ज्या घरात लग्नाची पोरगी, तिथं राधाकिसनच्या चहात पाण्याचा थेंब पडू द्यायचे नाहीत. निव्वळ म्हशीचं दूध, वर बोटभर साय. इतर पाहुण्यांना मिळतो तो चहा त्याच्या वाट्याला कधी यायचाच नाही. त्यावरून तो घरंही ओळखायचा. फार घट्ट चहा आला की समजायचं, या घरात काहीतरी झाकायचं आहे.

छकुली संक्रांतीला आली तेव्हा ही गोष्ट निघाली. छकुली त्याची एकुलती पोरगी, बी.एस्सी. झालेली, जालन्याला एका लॅबमध्ये कामाला. पौष चालू होता. पौषात कुणी सोयरिकीचं बोलत नाही, त्यामुळे राधाकिसन महिनाभर घरीच. तो ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत होता आणि छकुली वही चाळत बसली होती.

"दादा, तुमचं पोट आता कसं हाय?"

"आता बरं हाय. पौषात बसतंच. बाजरी अन् तिळानं फरक पडतो."

"बाजरीनं?" तिनं वही त्याच्यापुढं धरली. "हे बघा. मागच्या पौषात एकबी फेरी न्हाई. वैशाखात रोज आठ घरं. पोट कधी फुगतं?"

"वैशाखात. ऊन असतं ना."

"आठ घरं म्हणजे आठ चहा, दादा."

"मंग? चहानं कुणाचं पोट फुगलंय?"

"चहानं न्हाई. दुधानं."

आतून जयवंताबाई लाटणं घेऊनच बाहेर आली. "काय बोलून राह्यली गं तू? माझा सासरा तांब्याभर धारोष्ण दूध पिऊन मेंढरामागं परभणीपर्यंत जायचा. दुधावर वाढलेलं खानदान हे, अन् दूध बाधतं म्हणं! कुणी ऐकलं तर हसंल."

"आजोबा रोज वीस कोस चालायचे, आई. त्यांना पचलं असंल. सगळ्यांना न्हाई पचत. आमच्या लॅबच्या डॉक्टरांना विचारलं मी. रोग न्हाई म्हणाले तो. वय वाढलं की पुष्कळ जणांचं व्हतं असं, काहींचं तर आधीच." मग तिनं वही मिटली. "माझं झालंय."

राधाकिसनच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला पण?"

"बारावीपासून. जालन्याच्या मेसचा चहा पिववत नव्हता म्हणून सोडला, तर महिनाभरात पोट जागेवर. सुट्टीत घरी आले की पुन्हा. मंग माझ्या लक्षात आलं."

"मंग सांगितलं न्हाईस कधी."

"तुमच्या वहीत गेलं असतं ना."

तिनं हे हसत सांगितलं. राधाकिसननं शेंगा निवडायला घेतल्या आणि बराच वेळ किडक्या शेंगा चांगल्यांत टाकत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं दूध बंद. चूर्ण पाण्यातून, चहा कोरा, वर लिंबू. जयवंताबाई तो कप त्याच्यापुढं आणून आदळायची. पौष संपत आला तोवर संध्याकाळीही शर्टाची बटणं लागलेली राहू लागली. खात्री करावी म्हणून त्यानं एका दिवशी भुजंगकडं लागोपाठ तीन कप नेहमीचा चहा घेतला. दिवस मावळायच्या आत गमछा पोटावर आला. भुजंग काही बोलायच्या आत राधाकिसनच म्हणाला, "पाचवा महिना," आणि हसत हसत घरी गेला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला फुगलेल्या पोटाचा आनंद झाला होता.

पण आनंद फार टिकला नाही, कारण माघ लागला आणि आष्टीचं स्थळ पुढं आलं.

हे स्थळ त्यानं दोन वर्षं कुणालाही न दाखवता पोरीसाठी राखून ठेवलं होतं. मुलगा गोरक्षनाथ, शेतीच्या औषधांचं दुकान, सरळ स्वभावाचा. बाप अप्पाराव, आई गिरिजाबाई, बारा एकर ओलीत आणि गोठ्यात चार म्हशी. आष्टीची माणसं येऊन पोरगी बघून गेली. पोरीला मुलगा आवडला, मुलाला पोरगी. त्या दिवशी छकुलीनं सगळ्यांसोबत अर्धा कप चहा घेतला होता आणि नंतर पालथी पडून राहिली होती. आता राहिलं होतं ते पोरीकडच्यांनी घर बघायला जायचं.

जायच्या आदल्या दिवशी छकुली म्हणाली, "दादा, उद्या सांगून टाका तिथं."

"सांगू की. लग्न झाल्यावर हळूहळू सांगता येतं. जल्दी कशाला?"

"हळूहळू म्हणजे? पहिल्या महिन्यात पोट दिसलं की ते लोक पेढे वाटतील. दुसऱ्या महिन्यात दवाखान्यात नेतील. तिसऱ्या महिन्यात मी बोलले तर म्हणतील, लपवून दिली." तिनं त्याच्या गमछ्याकडं बोट दाखवलं. "तुमचं चार वर्षं त्याच्याखाली लपलं. मी कुठं लपवू?"

"बघू," राधाकिसन म्हणाला. लोकांना नाही म्हणायचं असलं की तो हाच शब्द वापरायचा, हे तिलाही माहीत होतं.

भुजंगच्या गाडीतून राधाकिसन, जयवंताबाई आणि भुजंग असे तिघं आष्टीला गेले. घर चांगलं होतं. अंगण सारवलेलं, पाण्याची टाकी नवी, म्हशी धुतलेल्या. राधाकिसनची नजर सवयीनं सगळीकडं फिरून आली आणि तिला बोट ठेवायला जागा सापडली नाही. मग गिरिजाबाई स्वतः चहा घेऊन आली. निव्वळ दुधाचा, वर जाड साय.

"घे अन् मोकळा व्हय," भुजंग कानाशी पुटपुटला. त्याला सगळं ठाऊक होतं.

राधाकिसननं कप हातात घेतला. त्याला का कोण जाणे, अंकुशनगरची वंदना आठवली. गुणाची पोरगी, जमत आलेलं लग्न. त्यानंच मुलाकडच्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, आईला दमा आहे, बघा बुवा. मुलाकडच्यांनी बघितलं आणि गेले. वंदनाच्या आईनं त्या दिवशी त्याला दोनदा चहा दिला होता, आणि दोन्ही वेळा तो प्याला होता.

त्यानं कप खाली ठेवला आणि वर तळहात धरला.

अप्पारावाचा चेहरा उतरला. "काय झालं पाव्हणं? घर पसंत न्हाई का?"

"घर लई पसंत हाय. मला दूध पचत न्हाई."

"अहो, एका कपानं काय व्हतंय!"

"एका कपानं न्हाई, पण चार वर्षं पिऊन राह्यलो व्हतो एकेक कप. पोट ढोलासारखं व्हायचं. दवाखाने झाले, दुर्बीण झाली. आत्ता कुठं कळलं."

गिरिजाबाई दारात उभी होती. तिनं बाकीचं सगळं बाजूला ठेवून नेमकं तेवढंच विचारलं. "अन् भाऊ, पोरीलाबी हाय का असं?"

एक शब्द पुरला असता. न्हाई. पंचवीस वर्षांत राधाकिसननं तो शब्द दुसऱ्यांच्या वतीनं इतक्या वेळा उच्चारला होता, की तो आत्ताही आपोआप जिभेवर येऊन बसला. जयवंताबाईनं पदराआडून त्याच्याकडं पाहिलं.

"पोरीलाबी हाय," तो म्हणाला. "तिनंच तर शोधून काढलं. रोग न्हाई, औषध न्हाई, दूध सोडलं की बिलकुल ठीक राहती. पण दूध घेतलं की त्रास व्हतो, हे खरं."

गोठ्यात एक म्हैस रवंथ करत होती. अप्पारावानं तिकडं पाहिलं.

"आमच्या घरी चार म्हशी हायेत," अप्पाराव म्हणाला.

"म्हणून तर सांगून राह्यलो."

गिरिजाबाईनं पुढं होऊन त्याचा कप उचलला आणि आत गेली. अप्पारावानं टॉवेल झटकला. "आठ दिवसांत कळवतो," म्हणाला.

राधाकिसननं हात जोडले. हे तीन शब्द त्यानं शेकडो बापांना ऐकवले होते. त्यांचा अर्थ त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

परतीच्या वाटेवर जयवंताबाई एकदाच बोलली. "बारा एकर ओलीत." भुजंग गाडी चालवता चालवता म्हणाला, "दुसऱ्याच्या सोयरिकी मोडलेल्या ऐकल्या व्हत्या. सोताच्या पोरीची सोताच्या तोंडानं मोडणारा तूच पहिला." घरी छकुलीनं विचारलं तेव्हा राधाकिसननं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. ती ऐकत राहिली. मग तिनं त्याला कोरा चहा करून दिला, स्वतःलाही घेतला. डोळे तिचे लाल होते, पण तिनं त्यावर काही बोलू दिलं नाही.

पुढचे दिवस राधाकिसन वही घेऊन बसायचा. काम म्हणून नव्हे. पहिल्या पानापासून तो फक्त शेवटचा रकाना वाचत गेला. दमा, साखर, डाग, फिट, कंबर, कमी ऐकू येतं, झोप येत नाही. दोनशेच्या वर घरं होती आणि एकाही घराचा रकाना रिकामा नव्हता. फक्त त्याच्या स्वतःच्या पानाचा होता. त्यानं पेन घेऊन तिथं लिहिलं, 'बाप व मुलगी, दूध पचत नाही.' नंतर वंदनाचं पान काढलं. पोरीचं लग्न अजून झालेलं नव्हतं. त्यानं तिच्या बापाला फोन लावला, म्हणाला, "एखादं स्थळ बघू का? या टायमाला माझ्याकडून वाकडं जाणार न्हाई." बाप एवढंच म्हणाला, "बघा." तो मनापासून म्हणाला की टाळायला, हे राधाकिसनला ओळखता आलं नाही. एरवी त्याला हे लगेच ओळखू यायचं.

सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. आष्टीचा नंबर. बोलत होती गिरिजाबाई.

"भाऊ, जेवण झालं का?"

"झालं झालं. बोला ना."

"न्हाई, एक इचारायचं राह्यलं व्हतं त्या दिवशी. दही चालतं का हो तिला? आमच्याकडं एक दिसाआड कढी असती."

राधाकिसन उठून उभा राहिला. नकार देणारी माणसं शेत विचारतात, पत्रिका काढतात, अडचणी सांगतात. पोरगी काय खाईल हे ती विचारत नाहीत. पंचवीस वर्षं माणसांच्या बोलण्यामागचं बोलणं ओळखून पोट भरलेला माणूस तो, या एवढ्याशा प्रश्नाचा अर्थ त्याला लगेच कळला.

त्यानं फोन कानापासून दूर धरला आणि आत हाक मारली.

"छकुले, बाहेर ये गं. आष्टीवरून इचारून राह्यलेत, तुला दही चालतं का म्हणून."