डागासकट

माझी थोरली लेक साळू डिंगोऱ्याहून नांदायला वारूळवाडीला गेली, त्याच सालच्या, शके १८४२च्या, पौषातली ही गोष्ट.

"चांगदेवभाऊ, हे वाचायचं नाही, नुसतं काढायचं," धरमशेठ म्हणाले आणि चार इंग्रजी पानं त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

वाचायचं म्हटलं असतं तरी मी कुठून वाचणार? तेव्हा मला माझं नावही लिहिता येत नव्हतं.

धरमचंद म्हणजे जुन्नरच्या पेठेतल्या सुवालाल शेठजींचा एकुलता एक मुलगा. शेठजी मागेच गेले. घरात आई, झमकूबाई, आणि हे. पुण्याला शिकलेले, आता इतिहासात एम. ए. करत होते. लेण्यांतल्या लेखांवर त्यांनी मोठा निबंध लिहिला होता. तो महिनाअखेर मुंबईला विद्यापीठात पोचला नसता तर वर्ष फुकट गेलं असतं.

दोन हिवाळे मी त्यांच्याबरोबर लेण्याद्रीला आणि मानमोडीच्या डोंगरावर हिंडलो. भिंतीवरच्या अक्षरांवर ओला कागद बसवायचा, ब्रशानं हळूहळू ठोकायचा, वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. काळ्या कागदात पांढरी अक्षरं वर येत, धुक्यातून बगळे दिसावेत तशी. कागद फाटला तर तीच अक्षरं मी वहीत हातानं काढी. त्यांचा नियम एकच होता. "दगडावर आहे ते सगळं घ्यायचं. चीर असली तर चीरही. आपण शहाणपणा करायचा नाही."

एकदा एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हा शेतकरी होता, भाऊ. आंब्याच्या झाडांसाठी यानं वावर दिलंय. दोन हजार वर्षं होत आली."

त्यानंतर कितीतरी दिवस नांगरामागं माझ्याबरोबर कुणीतरी चालतंय असं वाटे. वळून पाहावं तर नुसतं ऊन.

आता धरमशेठला तापानं लेखणी धरवत नव्हती आणि शेवटची चार पानं स्वच्छ उतरवायची राहिली होती.

"कचेरीतल्या कारकुनाला येतंय की विंग्रजी," मी म्हणालो.

"तो आईला सांगेल, धरमला ताप आहे म्हणून. आई कागद उचलून कुलपात टाकेल."

घरी बायको, बयाबाई, हसली. "सोत्ताच्या नावाला आंगठा, आन् निगाले विंग्रजी लिवाया! लेकीला येक चिट्टी लिवली का कदी?"

"लिवली तर ती वाचनार कोन?" मी म्हणालो.

पाच दिवस मी त्यांच्या माडीवर खिडकीशी बसलो. दौतीवर मलमलीचा तुकडा असे, शाईत किडामुंगी पडू नये म्हणून. ती अक्षरं एकमेकांना धरून पळत होती, ओढ्याकडं निघालेल्या मेंढरांसारखी. दुपारच्या उन्हात मी त्यांच्यामागं चालत राही. धरमशेठ अंथरुणावर पडून बघत. मधेच डोळे मिटून म्हणत, "त्यानं आंबे खाल्ले असतील का हो भाऊ?"

सहाव्या दिवशी पानं त्यांच्या हातात दिली. ते बघत राहिले, मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"अहो, मी खोडलेल्या ओळीसुद्धा काढल्यात! खोडलेल्या रेघांसकट!"

"तुमीच म्हनला व्हता, चीर बी घ्यायची."

तिसऱ्या पानावर त्यांचं हसू थांबलं. मूळ पानावर तिथं तुरीच्या दाण्याएवढा तांबूस डाग होता. मी गेरू कालवून तो बरोबर त्याच जागी उतरवला होता.

तेवढ्यात झमकूबाई जिना चढून आल्या. "धरम, दिवस मावळायच्या आत जेवून घे." आणि त्यांची नजर पानावर गेली. "हे काय? किडा मारलास?"

त्या घरात मुंगीसुद्धा कागदाच्या कडेवर घेऊन बाहेर सोडत. धरमशेठ पान उलटं करायला गेले. हो म्हणाले असते तर निभावलं असतं.

मीच म्हणालो, "किडा न्हाई, मावशी. आदल्या कागदावर हाय तसाच घेतलाय."

झमकूबाईंनी जुनं पान उचललं, खिडकीपाशी नेलं. उजेडात धरून डागावरून बोट फिरवलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मला खोकला पडशाचा म्हणून सांगत होतास."

"तू कागद काढून घेतले असतेस, आई."

"घेतलेच असते."

त्यांनी सगळी पानं गोळा केली. मला वाटलं, गेलं आता सगळं कुलपात. त्या खाली गेल्या आणि स्वतःच्या पोथीचा रुमाल घेऊन आल्या.

"पुन्हा लिहायला वेळ आहे?"

"नाही. चारच दिवस राहिलेत."

"मग असंच जाऊ दे." त्यांनी निबंध रुमालात बांधला, गाठ दोनदा ओढली. "चांगदेव, टपाल निघायच्या आत दे. आणि येताना वैद्यबुवांना घेऊन ये."

जिना उतरताना मागून धरमशेठचा आवाज आला, "भाऊ, पळू नका. पडाल."

ज्येष्ठात मुंबईचं पत्र आलं. झमकूबाईंनी ते माझ्या हातात दिलं.

"तूच लिहिली होतीस ना ही भाषा? काय म्हणतात?"

"मला नुसतं काढता येतं, मावशी."

शेवटी टपालमास्तरांनी वाचलं. निबंध मान्य झाला होता. झमकूबाईंनी पत्र घडी घालून रुमाल गेलेल्या त्याच उघड्या पोथीवर ठेवलं, कोनाड्यातली जुनी पाटी काढली, पदरानं पुसली.

"बस," त्या म्हणाल्या. "आता वाचायलाही शीक."

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. वर्षभर बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसलो. मग लेण्यांतल्या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, कुठलंही बघून न काढता, एक ओळ लिहिली. मी लिहिलेली ती पहिली ओळ:

धरमचंद सुवालाल, राहणार जुन्नर, शके १८४३ चैत्र वद्य पंचमीस वारले. वय चोवीस.