भिंतीपलीकडचा पिक्चर

"गाणी बरी आहेत, पण तो पोरगा गाताना श्वास फार मोठ्याने घेतो," शिवणवाली म्हणाली आणि त्या पिक्चरचा निकाल लागला.

ट्रॉलीवाल्याला तो पिक्चर आवडला होता. सुट्टीच्या दिवशी बायकोपोरांना घेऊन, रांगेत उभं राहून त्याने तो पाहिला होता आणि सकाळपासून वॉर्डावॉर्डातल्या मळक्या चादरी गोळा करताना त्यातलंच गाणं गुणगुणत होता. आता त्याचं तोंड एवढंसं झालं. श्वास सगळेच घेतात, न घेणाऱ्यांची आपल्याकडे वेगळी खोली आहे, असं तो म्हणाला. इस्त्रीवालीने डोळे वटारले, हॉस्पिटलात बसून असलं अभद्र बोलू नये म्हणून त्याला दटावलं आणि मलाही ते श्वास खटकलेच होते, अशी वर पुस्ती जोडली. खटकले-बिटकले काही नव्हते. पण शिवणवालीने सांगितलं की मागाहून का होईना खटकायचं, ही त्या टेबलाची रीतच पडून गेली होती.

हॉस्पिटलची लाँड्री तळघरात होती. दिवसभर मशिनांचा असा धडधडाट चाले, की शेजारच्याकडे कात्री मागायची तरी बोंब मारावी लागे. जेवणाच्या अर्ध्या तासापुरती मशिनं थांबत. मग ही तिघं घड्या घालायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला डबे उघडून बसत आणि पिक्चर नि गाण्यांवर तुटून पडत. कोणता नवा लागला, कोणत्यात झोप लागली, कोणाचं गाणं उचललेलं आहे. पगार, सुना, गुडघे यांना तिथे थारा नव्हता. असा नियम कोणी केला नव्हता, पण तो मोडायची कोणाला हौसही नव्हती.

शिवणवाली फाटक्या चादरींना ठिगळं लावायची आणि पेशंटच्या झग्यांना तुटलेल्या नाड्या बसवायची. पन्नाशी उलटलेली, अंगाने बारीक, एरवी मोजकं बोलणारी. पिक्चरचा विषय निघाला की मात्र ती ताठ बसे. ट्रॉलीवाला तिला सेन्सॉर म्हणायचा. तिची मतंही जगावेगळी असत. कोणाचं रूप, कोणाचे कपडे, कोणाचा नाच यांबद्दल ती अवाक्षर काढत नसे. ती म्हणे, ती हिरॉईन खोटं बोलायच्या आधी किंचित थांबते, लक्ष दे. म्हणे, त्या गुंडाचा आवाज तिकीट खिडकीवरच्या माणसासारखा आहे, त्याला कोण घाबरणार. इस्त्रीवालीला वाटे, ही दोन बुकं जास्त शिकली असती तर पेपरात लिहिती.

खरं इतकंच होतं, की शिवणवालीने कित्येक वर्षांत एकही पिक्चर पाहिला नव्हता. ती पिक्चर ऐकत असे.

तिचा नवरा बस चालवायचा. एके सकाळी डेपोतच त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले होते. डोळ्यांपुढे चित्र हललं की त्याला गरगरे आणि पोटातलं बाहेर येई, म्हणून घरातला टीव्ही मुलीकडे पोचता झाला. दिवसा नणंद येऊन भावापाशी बसे आणि वहिनीने घरात पाऊल टाकलं की लगेच चपला घाले, कारण तिलाही तिचं घर होतं. मग झोपेपर्यंत भरवणं, पुसणं, कूस बदलणं, आखडलेल्या हाताला तेल चोळणं. हात दोन्ही गुंतलेले, कान तेवढे रिकामे. आणि नेमका पलंगाशेजारच्या भिंतीलाच पलीकडच्या नव्या भाडेकरूंनी आपला भलाथोरला टीव्ही टांगला होता. भिंतीला कान असतात म्हणतात. हिच्या भिंतीला तोंड होतं.

पहिल्यांदा तिचं डोकं उठलं. मग सवय झाली. मग संध्याकाळची वाट बघणं सुरू झालं. हल्ली नवा पिक्चर घरच्या टीव्हीवर यायला फार दिवस लागत नाहीत, तोवर ती 'अजून जमलं नाही गं' म्हणून वेळ मारून नेई.

टेबलावर यातलं कोणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं कोणी विचारलंच तर 'बरे आहेत' म्हणायचं आणि डब्याचं झाकण लावायचं. जिन्यावर, नात्यात, दवाखान्यात जो तो तिला पाहिलं की चेहरा पाडायचा आणि 'कसं गं करतेस तू' असं हळू आवाजात विचारायचा. करायला लागतं म्हणून करत होती, आणि आता तर कंटाळाही करून झाला होता. तळघरात तिला पाहून कोणाचा चेहरा पडत नसे. तिथे तिच्याशी वाद घालत. तेवढा अर्धा तास हातचा गेला, तर उरलेला दिवस कसा ओढायचा हे तिला कळलं नसतं.

आणि मग तो बापाचा पिक्चर आला.

इस्त्रीवाली सुनेबरोबर जाऊन डोळे सुजवून आली होती. ट्रॉलीवाल्याने तर तो दोनदा पाहिला होता. दोघंही सेन्सॉरच्या निकालाकडे डोळे लावून बसलेली. अखेर एका संध्याकाळी तो भिंतीतून आला आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता शिवणवालीने निकाल दिला.

"बाप चांगला आहे. आवाजात वजन आहे. पण सारखा आपला एकटाच बडबडतो. वय झालं की होतं तसं, पण म्हणून सबंध पिक्चरभर? आणि मधे मधे नुसती बासरी. कोणी बोलायलाच तयार नाही. दिग्दर्शकाला डुलकी लागली असणार."

ट्रॉलीवाल्याचा घास हातातच राहिला.

"एकटा कुठे बडबडतो? मुलीशी बोलतो ना."

"कुठली मुलगी?"

इस्त्रीवाली आधी हसली. मग शिवणवालीच्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "अगं, ती मुकी मुलगी," ती म्हणाली. "सगळा पिक्चरच तिचा आहे. बासरी वाजते तेव्हा ती एकटी असते."

आता सावरून घ्यायला हवं होतं. हो, ती होय, मला वाटलं तुम्ही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताय, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. एरवी तिने तसंच काही म्हणून वेळ निभावली असती. पण आदल्या रात्री नवऱ्याची कूस दोनदा जास्त बदलावी लागली होती आणि थापा मारायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते.

"बाई, पिक्चर पाहिलात ना तुम्ही?" ट्रॉलीवाल्याने विचारलं.

"ऐकला," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. फार नव्हतंच सांगायला. भिंत, पलंग, न बोलणारा नवरा. इस्त्रीवालीचा चेहरा हळूहळू पडत गेला, अगदी तोच चेहरा, जो पाहू नये म्हणून तिने इतके दिवस आटापिटा केला होता. ट्रॉलीवाला डब्याकडे बघत राहिला. पलीकडच्या टोकाला कोणीतरी मशीन सुरू केलं आणि तिघंही सुटल्यासारखी उठली.

दुपारभर तिच्या हातून काम धड होईना. एका झग्याला नाड्या उलट्या बाजूने बसल्या, त्या उसवून पुन्हा लावल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, काय गरज होती त्या बासरीवर बोलायची. पण थाप उघडी पडली याहून वेगळंच काहीतरी तिला टोचत होतं. सबंध पिक्चरभर ती मुलगी तिथे होती. बाप तिच्याशी बोलत होता, रागवत होता, गात होता. आणि आपण कान लावून ऐकूनही ती आहे हे आपल्याला कळू नये.

घरी पोचली तशी नणंद निघून गेली. पलीकडचा टीव्ही अजून लागला नव्हता. नवऱ्याच्या हाताला तेल लावत तिने त्याला सांगितलं, की त्या पिक्चरमध्ये एक मुलगी होती म्हणे. ती आणखीही काही सांगत होती, तेवढ्यात दार वाजलं. पलीकडची भाडेकरीण होती. तरुण, ऑफिसातून आलेली, खांद्यावर पर्स तशीच.

"काकू, विचारायचंच होतं कधीपासून. आमच्या टीव्हीचा त्रास होतो का तुम्हाला? रोज संध्याकाळी तुम्ही फोनवर बोलत असता, ते आम्हाला ऐकू येतं. म्हणजे आमचाही आवाज तुमच्याकडे येतच असणार. एकटं माणूस, फोनचाच आधार. आवाज कमी ठेवू का आम्ही?"

"फोन नाही तो," शिवणवाली म्हणाली. "ह्यांच्याशी बोलते मी."

"कोणाशी?"

दुपारी टेबलावर शिवणवालीने स्वतः असंच, 'कुठली मुलगी?' म्हणून विचारलं होतं. आणि ही पोर तर बिचारी भिंतीपलीकडची, तिचा काय दोष. ज्या टेबलावर जगातल्या साऱ्या पिक्चरांची पिसं काढली जात, तिथे आपण तरी नवऱ्याला 'बरे आहेत' या दोन शब्दांपुढे कधी येऊ दिलं होतं? तिला स्वतःची लाज वाटली. तिने दार सताड उघडलं, भाडेकरणीला आत घेतलं, नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि हे आमचे हे, असं सांगितलं. पोर गोंधळली, पण नमस्कार काका म्हणाली.

"आवाज कमी करू नका," शिवणवाली तिला दारापर्यंत सोडताना म्हणाली. "ह्यांना पिक्चर ऐकायचा असतो."

दुसऱ्या दिवशी मशिनं थांबली तेव्हा ती डबा घेऊन आपल्या शिलाईच्या मशीनपाशीच बसून राहिली. पडलेले चेहरे समोर घेऊन जेवण्यापेक्षा हे बरं. पहिला घास घेते न घेते तोच टेबलावरून इस्त्रीवालीची हाक आली, की नखरे पुरेत, इकडे ये. ती गेली. ट्रॉलीवाला उगाच डब्यातल्या भाजीची चौकशी करत राहिला. इस्त्रीवालीने रात्रभर विचार केला असावा, कारण ती एकदम, खाली बघत म्हणाली, "मग भाऊजींना कसा वाटला?"

"काय?"

"पिक्चर गं. ऐकला ना त्यांनीही?"

ह्यांना काय हवं, काय नको, काय दुखतं, हे डॉक्टरपासून नणंदेपर्यंत सगळे विचारत. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिनेही नव्हतं. उत्तर द्यायचं म्हणून ती त्या संध्याकाळचं आठवू लागली. बासरी लागली होती तेव्हा ती औषधाच्या गोळीचं काहीतरी बोलायला लागली होती आणि नवऱ्याने डाव्या हाताने पलंगावर थाप मारली होती. तिला वाटलं, पाणी हवं असेल. तिने पाणी पाजलं, ते त्याने गालातून सोडून दिलं आणि तिने वैतागून उशी पुसली. बाप पुन्हा बोलू लागल्यावर त्याने भिंतीकडून तोंड फिरवलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, मान अवघडली.

"बासरी आवडली ह्यांना," ती सावकाश म्हणाली. "बासरीच्या वेळी मला गप्प बस म्हणत होते. आणि बाप नाही आवडला."

"बाप नाही आवडला?" ट्रॉलीवाला उसळला. "अहो, बाप आहे म्हणून पिक्चर उभा आहे. बाप काढा, काय राहतं? नुसती बासरी? सांगा तुमच्या ह्यांना, त्यांना पिक्चरमधलं काही कळत नाही."

इस्त्रीवालीने त्याला कोपरखळी मारली. उशीर झाला होता.

"कळतं त्यांना," शिवणवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुमच्यापेक्षा चार पिक्चर जास्त पाहिलेत त्यांनी."

"मग विचारा त्यांना, बाप का आवडला नाही. कारण सांगा म्हणावं. उगाच आवडला नाही म्हणून चालणार नाही."

तो पुढेही बराच वेळ भांडत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दया-माया काही नव्हती, नुसता बापाचा पक्ष होता. कितीतरी दिवसांनी कोणीतरी शिवणवालीच्या नवऱ्याशी भांडत होतं.

संध्याकाळी नणंद गेल्यावर तिने तेलाची वाटी घेतली, नवऱ्याचा आखडलेला हात मांडीवर ओढला आणि चोळता चोळता सांगून टाकलं. "आमचा तो ट्रॉलीवाला म्हणतो, तुम्हाला पिक्चरमधलं काही कळत नाही. बाप नसता तर पिक्चर उभाच राहिला नसता म्हणतो. कारण सांगा म्हणतो."

नवरा छताकडे बघत होता. मग त्याच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, हळूहळू एक आठी पडली. पूर्वी दोघं थिएटरातून चालत घरी यायची, आणि तिला जे आवडलं असेल ते खोडून काढायच्या आधी ही आठी पडायची. मग घर येईपर्यंत त्याचं तोंड बंद होत नसे. ती आठी अजून आहे, हे तिला माहीत नव्हतं.

तिने चोळायचा हात थांबवला.

"बोला," ती म्हणाली, आणि तो आता खरंच बोलणार आहे अशा बेताने त्याच्या तोंडाकडे बघत बसून राहिली.