दुसऱ्या दाराचे नवे

वृद्धांना कुटुंबाने पोसावे हा धर्म, आणि ज्याला कुणी नाही त्याला राज्याने पोसावे हाही धर्मच. मात्र या दोहोंच्या बांधावर जो उभा राहतो, त्याला आपण कुणाचे नाही हे आधी सिद्ध करावे लागते.

चौलच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या भागुबाईवर तीच पाळी आली. मुलगा सुजित कारखान्यात रोजंदारीवर जाई. चार पोटांना ते पुरत नसे. कमावता मुलगा असलेल्या विधवेला निराधार पेन्शन नाही, असे कळले तेव्हा भागुबाई पडवीत राहायला गेली. पडवीला स्वतंत्र दार होते. तिथे तिने निराळी चूल मांडली. सून क्रांती लपवून कालवण आणी, तेही भागुबाईने बंद केले.

"खोटं बोलायचं तर खऱ्यावानी बोलावं," ती म्हणाली.

नव्याच्या पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी तलाठी चौकशीला आले. त्यांनी चुलीतली ऊन राख पाहिली, मान डोलावली. निघताना मात्र त्यांची नजर दारांवर गेली. सुजितच्या चौकटीला पौर्णिमेचे नवे, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याच्या पानांत बांधलेले होते. पडवीचे दार उघडे-बोडके होते.

"मावशी, चुली दोन, मग नवं एकच कसं?"

"म्हातारीला कशाला हवं नवं, भाऊसाहेब?"

"मीपण शेतकऱ्याचाच. वेगळं निघालेलं घर आपलं नवं आपण बांधतं." त्यांनी कागद मिटला. "आज काही लिहीत नाही. सोमवारी येतो."

भागुबाई खाली बसली. चूल माणसांना दाखवण्यापुरती होती. नवे देवाला साक्षी ठेवून बांधायचे असते. ते बांधले की घर खरेच फुटले.

"राहू दे आये, नको ती पेन्शन," सुजित म्हणाला.

"आनि खायाचं काय? तुजी माया?"

सोमवारी पहाटे तिने खळ्यावरून मूठभर लोंब्या आणल्या. क्रांतीने स्टूल धरले. हात जोडून, सुंभाचा फेरा घालून भागुबाईने गाठ मारली.

"आजे, तू आता आमची न्हाय?" नात राहीने विचारले.

"कागदावर न्हाय," ती म्हणाली. मग तिची नजर वर लोंब्यांकडे गेली.

दुपारी तलाठ्यांनी 'निराधार' असे लिहिले. तिन्हीसांजेला क्रांतीने घरातला दिवा लावला. तो नेहमीप्रमाणे पडवीत फिरवायला ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पलीकडे भागुबाईने आपली पणती स्वतः पेटवली.

दोन्ही दारांवरचा दाणा टिको. त्या उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना अन्न कमी न पडो, आणि वेगळ्या झालेल्या हातांना एकमेकांची ओळख राहो.