कुत्र्यांचे लाडू आणि रिकामा मजला

बडोद्यात घर भाड्याने देताना मुलीसाठी स्थळ पाहावे तशा चौकशा होतात, आणि गोत्री भागातले जनार्दनराव त्यात सर्वांच्या वरचढ. आडनाव, मूळ गाव, ताटात काय असते, घरी कोण येते-जाते, हे सारे विचारून झाले की शेवटची अट यायची, “आणि जनावर चालणार नाही.” मागचा भाडेकरू असाच पारखून घेतला होता. आपल्यातलाच, गोडबोल्या. त्याने भिंतींत जागोजागी खिळे ठोकले, नळ चालू ठेवून गावाला गेला आणि खालच्या छताला ओल आणली. तेव्हापासून वरचा मजला रिकामाच होता.

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी रेल्वेत नोकरी करणारी विमल वडिलांना घेऊन आली. जनार्दनराव तेव्हा घरापुढच्या ओट्यावर परात घेऊन लाडू वळत होते. आडनाव पसंत पडले, गावही ओळखीचे निघाले. मग विमल म्हणाली, “काका, आमच्याकडे एक कुत्रा आहे.”

जनार्दनरावांचा हात थांबला. “मग नाही जमणार.”

“काका, तरसालीचं आमचं भाड्याचं घर मालकाने विकलंय. महिनाअखेर सोडायचंय. वासणा भागात घरं पाहिली, तिथेही सगळे हेच म्हणाले. आता बंड्याला कुणाला तरी देऊन टाकावं लागेल. पण बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. डॉक्टर चाला म्हणतात, अन् हे चालतात ते फक्त बंड्याला फिरवायला. तो गेला की हे खाटेवरच बसणार.”

“वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम.”

विमलचे वडील लक्ष्मणराव इतका वेळ परातीकडे पाहत होते. जड जिभेने त्यांनी विचारले, “लाडू कुणाला?”

“उद्या उत्तरायण ना! सोसायटीतर्फे गल्लीतल्या कुत्र्यांना घालतो. पुण्य लागतं.”

“आमच्या बंड्याला एक द्याल? तो घरचा आहे... चालेल ना?”

जनार्दनरावांनी एक लाडू कागदात बांधून दिला. ती दोघे गेल्यावर मात्र त्यांच्या पत्नी अहल्याबाई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आल्या.

“अहो, भिंतीत खिळे कुत्र्याने ठोकले होते का?”

“तू मध्ये पडू नकोस. कुत्रा भुंकतो, घाण करतो.”

“हा भुंकतो का, विचारलंत? त्यांच्या शेजाऱ्यांना भेटलात? आडनाव विचारून झालं की आपली चौकशी संपते! मागच्याचंही आडनाव चांगलंच होतं. दारात आला तर कुत्रा पुण्याचा, अन् जिना चढला की पापाचा, होय?”

जनार्दनरावांनी पुन्हा लाडू वळायला घेतले, पण एकही धड वळेना. तो म्हातारा माणूस कुत्र्याच्या लाडवासाठी आपल्यापुढे हात पसरून गेला, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सारे बडोदे गच्चीवर पतंग उडवत असताना हे नवरा-बायको पत्ता शोधत तरसालीला गेले. आधी शेजारच्या गुजराती बेनना विचारले. त्या हसून म्हणाल्या, “कूतरो तो बहु डाह्यो छे! अने घर एवुं चोख्खुं राखे छे!” म्हणजे कुत्रा फार शहाणा, आणि घरही अगदी स्वच्छ ठेवतात. मग ते विमलच्या घरात शिरले. भिंती स्वच्छ होत्या. बंड्याने त्यांचे जोडे हुंगले आणि लक्ष्मणरावांच्या पायाशी जाऊन बसला.

“अटी आहेत हं,” जनार्दनराव म्हणाले. “लस वेळेवर, बाहेर साखळी, आणि त्याने घाण केली तर तुम्ही साफ करायची. शिवाय खिळा ठोकायचा तर मला विचारून. ही अट माणसांसाठी.”

विमलचे डोळे भरून आले. जनार्दनराव लक्ष्मणरावांकडे वळले. “जिना चढवेल ना तुम्हाला?”

“बंड्या चढला, की मी चढेन!”

वाचकहो, घर आपले, तेव्हा नियम करण्याचा हक्कही आपलाच. पण नियम कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारायला हवे. घर कसे राखाल, शेजाऱ्यांशी कसे वागाल, हे विचारायचे सोडून आपण आडनाव विचारतो, ताटात डोकावतो आणि मुक्या जनावराला न पाहताच नाही म्हणतो. त्याने घर सुरक्षित राहत नाही, फक्त कुणीतरी बेघर होते.

आता गोत्रीच्या त्या घराच्या जिन्यावर रोज सकाळी दोघांची पावले वाजतात. बंड्या दोन पायऱ्या उतरतो, थांबतो आणि मागे वळून लक्ष्मणरावांची वाट पाहतो. ओट्यावरून जनार्दनराव ओरडतात, “सावकाश, लक्ष्मणराव! कठडा धरा!”