अर्ध्या नळीतली तांब्याची गोळी

मी एक जुनी गोळी आहे. खोकल्याची नव्हे, बंदुकीची. मित्रांनो, बंदुकीच्या गोळीने स्वतःची गोष्ट सांगायची म्हणजे तिने काही पराक्रम केलेला असावा, असं तुम्हाला वाटेल. माझ्या हातून तसं काही घडलेलं नाही. मी एकदाही बंदुकीतून सुटले नाही. म्हणून ही गोष्ट सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. इथे अंधारात विचार करण्याखेरीज दुसरं कामही नसतं. कोणाला कंटाळा आला तर त्याने मध्येच सोडून द्यावी, मी वाईट वाटून घेणार नाही.

गोळी होण्याआधी मी तार होते. देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या फडांना लागून थॉमसची वस्ती आहे. त्याच्या विहिरीवरच्या मोटारीत मी गुंडाळलेली होते. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात विजेचा दाब सारखा कमीजास्त होत राहिला आणि मोटार जळाली. मेकॅनिकने नवी तार भरली आणि मला वेटोळं करून परत दिलं. तांबं टाकून कोण देतो? थॉमसने मला स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवलं.

त्या खुंटीवरून मला चूल दिसायची. थॉमसकडे ठासणीची बंदूक होती. तिला तयार काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, त्यावर गोळी, आणि लोखंडी गजाने सगळं तळापर्यंत ठासायचं. शिकारीला तेव्हाही बंदीच होती. थॉमसचा परवाना पीक राखण्यापुरता होता. उसात रानडुकरं दडून बसत आणि शेजारच्या मक्यात शिरत. नुसत्या आवाजाला ती सरावली होती, म्हणून गोळी लागे. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतलं शिसं काढून थॉमस ते चुलीवर पळीत वितळवी आणि साच्यात ओती. सांडलेले थेंब गार झाले की त्याची धाकटी मुलगी शॅरन ते गोळा करी आणि खेळता खेळता तोंडातही घाली. किती चकचकीत असत ते.

मग शॅरन आजारी पडली. तिचं पोट सारखं दुखे, चेहरा पांढराफटक पडला. नगरच्या दवाखान्यातून परत आल्यावर तिच्या आईने, दयाने, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"डॉक्टरीणबाईंनी तिच्या हिरड्या बघितल्या," ती म्हणाली. "निळी रेघ हाय म्हणाल्या. घरात शिसं वितळवता का इचारलं. म्या म्हणलं, व्हय, चुलीवरच. तवा म्हणाल्या, त्येच इख पोरीच्या अंगात भिनलंय."

"आमचा बा बी चुलीवरच वितळवायचा," थॉमस म्हणाला.

"आन् पोट धरूनच गेला ना तुमचा बा? ते काय जेवण जास्त झालं म्हणून?"

दयाने पळी, साचा, बॅटरीच्या पट्ट्या, सगळं पोत्यात भरून पडक्या विहिरीत टाकलं. चुलीभोवतीची माती खरवडून काढली आणि नव्याने सारवली.

"आता डुकरांना काय फेकून मारू? भाकर?" थॉमसने विचारलं.

"भाकर मारा. पर शिसं उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई."

त्यामुळे शिशाऐवजी काय, हा प्रश्न उभा राहिला. थॉमस विचार करत गावातल्या मच्छिंद्र ओताऱ्याकडे गेला, आणि निघताना खुंटीवरून मलाही घेऊन गेला. मच्छिंद्र बैलांची घुंगरं ओतायचा. त्याच्या भात्यासमोर बसून दोघांनी चहा घेतला.

"बेअरिंगची गोळी घाल की," मच्छिंद्र म्हणाला. "गॅरेजात ढिगानं पडल्यात."

"पोलादानं नळी खरवडंल. जुनी हाय रे ती, माझ्यापेक्षा म्हातारी."

"मग कथील ओतून देतो."

"कथील हलकं पडतं. डुकराला लागलं तर ते म्हणंल, थॉमसभाऊनं माझी कल्हई केली."

मच्छिंद्र हसता हसता भात्याचा दांडा सोडून बसला. मग त्याने मला उचललं, हातावर तोललं. "तांबं," तो म्हणाला. "वजनदार हाय. पोलादाइतकं कडक बी न्हाई."

अशी माझी निवड झाली. मुशीत घालून त्याने मला तापवलं. आधी माझ्यावरचं वार्निश जळालं, त्याचा काळा धूर निघाला. मग मी लाल झाले, आणि मग मी कोणीच नव्हते, नुसता रस होते. वाळूच्या साच्यात ओतल्यावर पुन्हा मी झाले, पण गोल. ओतताना वर राहिलेली माझी शेंडी मच्छिंद्रने कानशीने घासून काढली. थॉमसने बंदूक बरोबर आणली होती. त्याने मला नळीच्या तोंडाशी धरून पाहिलं. मी आत गेले, अलगद बाहेर आले. मच्छिंद्र म्हणाला, "बघ, माप कसं बसलं." दोघांनाही फार आनंद झाला.

मित्रांनो, चूक तिथेच झाली. वर्षानुवर्षं गज आतबाहेर करून त्या नळीचं तोंड झिजलं होतं, रुंदावलं होतं. आत ती तितकी रुंद नव्हती. शिशाच्या गोळ्यांना याचं काही वाटलं नाही. शिसं मऊ, गज मारला की चेपून पुढे सरके. त्यामुळे थॉमसला, त्याच्या वडिलांना, कोणालाच कधी आतलं माप घ्यावं लागलं नव्हतं.

घरी माझं कौतुक झालं. दयाने मला चिंचेने घासून लखलखीत केलं. "लेकराच्या हाताला लागली तर?" तिने विचारलं. "तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितोच की आपण," थॉमस म्हणाला. तेव्हा तिने मला शॅरनच्या तळहातावर ठेवलं. शॅरनने मला मुठीत धरलं, आणि मला वाटलं, आपण भाग्यवान आहोत.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर थॉमसने दारू भरली, बोळा ठासला आणि मला आत सोडलं. मी थोडी घसरत गेले, मग गज आला, मग मी अडकले. थॉमसने जोर लावला. गजावर त्याने तळ गाठल्याची खूण केलेली होती, ती तोंडाच्या बाहेर बरीच वर राहिली. त्याने लाकडी हातोडीने गज ठोकला. प्रत्येक घावाला मी आणखी घट्ट बसत गेले. मला पुढे जायचं होतं, खरंच जायचं होतं, पण तांब्याला शिशासारखं चेपून घेता येत नाही.

मग त्याने मला बाहेर काढायचा प्रयत्न केला. शिशाची गोळी अडकली की गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो तिच्यात फिरवतात आणि ओढतात. माझ्यावर तो नुसता घसरला, ओरखडे उठले. त्याने रॉकेल ओतलं, नळी उलटी करून आपटली. शेवटी बंदूक दारामागे टांगली.

"मच्छिंद्राला बोलवा," दया म्हणाली.

"त्याला सांगितलं की गावभर करील. वाट बघ, मीच काढतो."

दिवस गेले. माझ्यापुढे नळीच्या तोंडाएवढा गोल उजेड होता. दार लावलं की तोही जाई. मागे थोडी रिकामी जागा होती आणि तिच्यापलीकडे दारू. मी तिचा वास घेत राहिले. स्वयंपाकघरातला आवाज येई, शॅरन आता पुन्हा पायऱ्यांवरून उड्या मारते हे कळे. मला कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी काय सांगणार होते?

मक्याची कणसं दुधात आली आणि डुकरं आली. एका फेऱ्यातच त्यांनी कडेच्या ओळी झोपवल्या. सकाळी थॉमस शेतातून आला आणि सरळ दारामागे हात घातला.

"आज बार काढतो. दारूच्या जोरानं ती आपोआप निघंल."

"मधीच अडकलीय ना ती?" दयाने विचारलं.

"म्हणूनच तर."

"अवो, कुकरच्या शिट्टीत डाळीचं टरफल अडकलं हुतं, तवा काय झालं? झाकण आढ्याला लागलं. ते तर नुसतं वाफेवर हुतं. ही दारू हाय."

"कुकर आन् बंदूक एक हाय काय? बंदूक बार काढायसाठीच केलेली असती."

"नळी तुमच्या हातात असती. कुकर माझ्या हातात नव्हता, म्हणून वाचले मी."

थॉमस कडेचं कुंपण बांधायला निघून गेला. जाताना म्हणाला, "सांजच्याला येतो बंदूक न्यायला."

मित्रांनो, तोवर मला दारूचा जोर हीच एक आशा होती. एक ठिणगी, आणि मी उजेडात. दयाचं बोलणं ऐकलं आणि मला त्या आशेचीच भीती वाटू लागली. माझ्या मागची रिकामी जागा, तिच्यात कोंडलेली आग, आणि ती नळी जिथे फाटेल तिथे बाहेरून धरलेला थॉमसचा हात. मी ओरडू शकत नव्हते. जागचं हलूही शकत नव्हते.

दुपारी कोणीतरी बंदूक खाली घेतली. बंदुकीच्या घोड्याखाली, ठिणगी पाडणारी टोपी बसवतात तिथे, दारूपर्यंत जाणारं एक बारीक भोक असतं. त्या भोकातून पाण्याचा थेंब आत आला. मग दुसरा. दया शॅरनच्या टॉनिकच्या ड्रॉपरने पाणी सोडत होती, दुखऱ्या कानात औषध घालावं तसं. मधूनमधून ती थांबायची, बंदूक हलवायची, पुन्हा थेंब. दारू ओली होत गेली, तिचा वास बसला. माझी सुटकेची वाट माझ्यामागे चिखल होऊन पडली आणि मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही.

दिवस मावळताना थॉमस बंदूक घेऊन मक्याच्या बांधावर उभा राहिला. दयाही मागोमाग आली. डुकरं आत शिरलेलीच होती, ताटं मोडल्याचा आवाज येत होता. त्याने बंदूक खांद्याला लावली, डाव्या हाताने नळी धरली आणि चाप ओढला. टक. त्याने टोपी बदलली. पुन्हा टक.

"किती टोप्या वाया घालवता?" दया म्हणाली. "दारू भिजलीय. म्या पाणी घातलंय."

थॉमस वळला. म्हणाला, "डुकरं मका खात्यात. ऐकू येतंय का?"

"येतंय. तुमचं बोलणं बी ऐकू येतंय. मला तेवढं बास."

त्याने बंदूक बांधावर आडवी ठेवली. गज नळीत सोडला, तो जिथवर आत गेला तिथे खिशातला दोरा बांधला, आणि मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिला. मी आत नेमकी कुठे बसले आहे ते त्याला दिसलं. मघाशी त्याचा डावा हात तिथेच होता. त्याने तो हात वर करून पाहिला, उलटा, सुलटा. मग दयाजवळ खाली बसला. मका त्या वर्षी फारसा हाती आला नाही.

पुढच्या हंगामापासून त्याने शेतात पत्र्याचे डबे बांधले, आणि नुसत्या आवाजाला डुकरं भीत नसत म्हणून वस्तीवरचे सगळे पाळीपाळीने राखणीला जाऊ लागले. शिसं त्या घरात पुन्हा आलं नाही. मच्छिंद्रला कळलं तेव्हा तो गालात हसला आणि म्हणाला, नळी कापून काढू. थॉमसने अजून त्याला वेळ दिलेला नाही.

मित्रांनो, मी कोणाला शहाणपण शिकवावं अशी नाही. पण एक विनंती करते. वाईट वस्तू टाकून चांगली आणाल, तर फार चांगलं कराल. फक्त जुन्या मापावर विसंबू नका. नव्या वस्तूसाठी माप पुन्हा घ्या, आणि ते तोंडाशी नव्हे, आतपर्यंत घ्या. आणि काही अडकलंच, तर जोर लावू नका. कोणी मला बाहेर काढणार असेल तर त्याने सावकाश कापावं, हात सांभाळून. मला घाई नाही.