चोवीस बिटांची इंदुताई

इंदुताईच्या गळ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. नंतर आवाज राहील की नाही, ते सांगायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणून तिचा भाचा मंथन शनिवारीच बेंगळुरूहून वडगावात उतरला, पाठीवर रेकॉर्डिंगची काळी पेटी घेऊन. आत्याचा आवाज कायमचा जपायचा, आणि तोही असातसा नाही, चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ!

"म्हंजे काय रं?" आत्याचे यजमान गुंडूमामा यांनी विचारलं.

"मामा, माणसाच्या कानाला ऐकू येत न्हाय, तेबी ह्यात घावतंय."

"मग ऐकणार कोण?"

असला अडाणी प्रश्न कानाआड करून मंथन वायरी जोडू लागला. चिंचेवरची वटवाघळं मात्र खूश झाली असणार.

इंदुताई चाळीस वर्षं मागावर साड्या विणताना गवळणी म्हणत आलेली. मंथनची आई कामाला जायची तेव्हा त्याची झोळी त्याच मागाशेजारी टांगलेली असायची, आणि त्या खडखडाटात हे बेणं गाढ झोपायचं. पण शिकलेल्या माणसाला खडखडाट खपत नाही. त्याने मामांचे चारही माग बंद केले, मग हातापाया पडून शेजारच्या भरमूचे, मग सगळ्या गल्लीचे. पंखा बंद, कुकर बंद, भरमूचा कोंबडा टोपलीखाली. वडगावात एवढी शांतता मयतालाही नसते.

"हं आत्या, म्हण आता."

इंदुताईने पहिली ओळ म्हटली. दुसरीला ताल सुटला, तिसरी आठवेना. माग हाच तिचा टाळ नि मृदंग, हे त्या शहाण्याच्या ध्यानात कसं यावं? शाळेतल्या पोरीसारखे हात बांधून तिने गवळण कशीबशी संपवली. तिचं भेदरलेपण मात्र यंत्राने कण न् कण टिपलं.

"एक नंबर! कशाचा आवाज न्हाय," म्हणत मंथनने पेटी बंद केली.

माग पुन्हा सुरू झाले. इंदुताई सवयीने आपल्या मागापाशी गेली आणि तिचा गळा असा मोकळा सुटला, की भरमू काम टाकून दारात येऊन उभा राहिला.

"दादा, आत्ता घे की!" तिची लेक मंगल ओरडली.

"ह्या गोंगाटात? यंत्राचा अपमान हाय त्यो."

मंगलने मग आपला काच तडकलेला मोबाइलच पुढे धरला.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. महिन्याभराने मंथनने आत्याच्या कानांवर महागडे हेडफोन चढवले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'ही कोण?'

मंगलने मोबाइल लावला. खडखड, खरखर, मध्येच भरमूची शिंक. इंदुताईचा पाय ताल धरू लागला. डोळे भरून आले आणि तिने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

मंथनला तिच्याकडे बघवेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मंगल, मलाबी पाठीव की ते."

"व्हॉट्सॲपवर? आवाज आणिक खराब हुतोय म्हणं. चालंल?"

"चालंल गं."

परतीच्या दुपारच्या गाडीत त्याने ते कानाला लावलं, आणि धारवाड यायच्या आत झोळीतल्यासारखा गाढ झोपला.