कैरी : बंद

मुलांनो, दोन वह्या डोळ्यांसमोर आणा. कव्हर सारखं, अक्षर सारखं, पानंही तेवढीच. एक सरावाची; तिच्यात वाट्टेल ते खोडा. दुसरी खरी, तिच्यात एक शब्द बदलला, की दूरदूरच्या लोकांच्या फोनवर तो बदलतो. लॅपटॉपमध्ये अशाच दोन फायली असतात असं समजा, आणि पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात, बचतगटाच्या खोलीत या. बारा वर्षांची रिना सरावाची फाईल उघडते आहे.

सातवी ओळ. ‘कैरी : बंद’.

इथे बंदच होती. म्हणजे परवा सरावाची समजून तिने ‘चालू’ लिहिलं, ते खऱ्या फायलीत.

दुकान गटाच्या बायकांचं. मध, चारोळी, मोहाचे लाडू, कैरी. सगळं रानातलं, विकायचं इंटरनेटवर. त्याचा सगळा कोड धम्मदीपने लिहिला होता. तो नोकरीसाठी नागपूरला गेला, आणि सहा महिन्यांपासून रिनाची मोठी बहीण संघप्रिया ते दुकान सांभाळत होती. सुट्टीत रिना तिच्याबरोबर यायची, बघून बघून शिकायची. परवा येताना रस्त्याकडेची झाडं कैऱ्यांनी वाकलेली तिने पाहिली. झाडं अशी लगडलेली आणि दुकानात कैरी बंद? विसरले असतील, आधी सरावात बदलून बघू, असं तिला वाटलं होतं.

आज सकाळपर्यंत सदतीस मागण्या आल्या होत्या. तीन दिवसांत पाठवतो, असं दुकानाने प्रत्येकाला आपोआप कळवूनही टाकलं होतं.

“एक बी कैरी कोणी तोडणार नाई,” गटाच्या अध्यक्ष मंगलीबाई दारातूनच म्हणाल्या. “पंडुम व्हायचं हाय अजून. नव्या फळाची पूजा झाल्याबिगर गावात कोणी तोंडाले लावत नाई, अन् आपण इकून राह्यलो? शेजारच्या कुलदीपनं फोनवर हे दुकान साऱ्या गावाले दाखवलं. लोक इचारतात, पैशापुढं देव बी इसरली का, मंगली?”

“काकी, ते मी आता बंद केलं. पण मी हात बी नव्हता लावला त्याले,” संघप्रिया म्हणाली. “हा जुना कोडच असा हाय. कोणती ओळ काऊन हाय, कुठीच लिहून नाई ठेवलं त्या धम्मदीपनं. सारं काढूनच फेका लागते.”

“त्या पोरानं केलं हे?” मंगलीबाई खाली बसल्या. “तो तर दरसाली पूजेच्या दुसऱ्या दिवशी येऊन इचारे, बाई, चालू करू का म्हून. मी हो म्हटलं, का मंगच करे.”

रिनाने फाईल मिटली. पुन्हा उघडली. कोणी विचारलं तर सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. पण तिला कोणी विचारतच नव्हतं.

संघप्रियाने नागपूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. धम्मदीपला तिने सगळं सांगितलं.

“ते ओळ मी तशीच सोडली होती,” तो म्हणाला. “बाजूले लिहून ठेवा लागत होतं, काऊन बंद हाय ते. राह्यलं. माहीच चूक म्हना. मंगलीबाई, पंडुमले येतो मी. गावापुढं माफी मांगतो.”

फोन बंद झाला. मंगलीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“आमच्या संगं जेवाले बलावलं होतं त्याले या बारीले,” त्या हळूच म्हणाल्या. “आता गाव काई त्याले पंगतीत बसू देत नाई.”

संघप्रियाने लॅपटॉप रिनापुढे सरकवला. “लिही वं, तुही बोटं जलद चालतात. गिऱ्हाइकांले बी हेच पाठवू, अन् गावाच्या ग्रुपवर बी हेच. लिही, ‘जुन्या कोडमधल्या बिघाडामुळे कैरीची विक्री चुकून सुरू झाली.’”

रिनाने ‘जुन्या कोडमधल्या’ एवढं लिहिलं. पुढचं अक्षर बोटाखाली होतं, ते तिने दाबलं नाही. वर पंखा कुरकुरत होता. मग तिने उलट्या बाजूने एकेक अक्षर खोडत नेलं, पांढरं पान होईपर्यंत, आणि पुन्हा लिहायला लागली. या वेळी अगदी सावकाश.

“दोन ओळींले एवढा वेळ? पोथी लिहून राह्यली का?” संघप्रिया म्हणाली.

रिना लिहीत राहिली. लिहून झाल्यावर तिने लॅपटॉप उचलला आणि बहिणीकडे नाही, मंगलीबाईंकडे वळवला.

मंगलीबाईंनी डोळे बारीक केले. “मले नाई दिसत, बाई. चश्मा घरी राह्यला. तूच वाच.”

रिना उभी राहिली. पहिला शब्द होता ‘मी’. तिने तो मोठ्याने वाचला, आणि पुढे वाचत गेली.